एक स्प्रेडशीट, चार कालरेखा : ग्रंथालय स्थलांतराच्या नियोजनाचे एक प्रकरण

एका शिक्षणसंस्थेचे मध्यवर्ती ग्रंथालय त्याच आवारातील नव्या इमारतीत हलवायचे आहे. ग्रंथपालांच्या कार्यालयाने स्थलांतराची सर्व कामे एका स्प्रेडशीटमध्ये नोंदवली आहेत. ग्रंथांना आरएफआयडी (रेडिओ लहरींनी ओळख पटवणारे) टॅग चिकटवणे, नव्या इमारतीतील वीज आणि नेटवर्क, रॅकची उभारणी, ग्रंथांची खोक्यांत बांधणी आणि वाहतूक, वर्गीकरण क्रमांकानुसार पुन्हा मांडणी अशी ही कामे असून प्रत्येकाखाली कितीतरी पोटकामे आहेत. या एकाच पत्रकावरून चार प्रकारच्या लोकांना वेळापत्रक समजावून सांगायचे आहे : पैसे मंजूर करणारी व्यवस्थापन समिती, प्रत्यक्ष काम करणारे गट, ग्रंथालयाचे विभागप्रमुख आणि वाचक. हे प्रकरण अभ्यासासाठी मांडलेले आहे. हा लेख वाचणाऱ्याला कागद-पेन्सिल घेऊन हिशेब पडताळता यावा, अशा बेताने त्यातील तारखा निवडल्या आहेत.

पहिला प्रयत्न बहुतेक कार्यालयांत होतो तसाच होता. पत्रकातील सगळ्या ओळी निवडून त्यांचा एकच पट्ट्यांचा आलेख काढला गेला आणि तो सगळ्यांना पाठवला गेला. समितीच्या सदस्यांना त्या गर्दीत ग्रंथालय खुले होण्याची तारीख सापडली नाही. वाहतूक करणाऱ्या गटाला पुढच्या आठवड्यात नेमके काय करायचे ते वाचता आले नाही, कारण चार महिन्यांच्या अक्षावर एका दिवसाची रुंदी केसाएवढी उरली होती. वाचकांसाठीच्या फलकावर तोच आलेख लावल्यावर त्यांना रॅकच्या नटबोल्टांची तपासणी दिसली, पण पुस्तक परत कधी करायचे ते दिसले नाही. अशा वेळी आलेख अधिक रंगीत किंवा अधिक मोठा करण्याचा मोह होतो. खरी अडचण मात्र रंगांची नसून प्रश्नांची आहे. प्रत्येक वाचणारा वेगळा प्रश्न घेऊन येतो आणि एका चित्रातून चार प्रश्नांची उत्तरे एकाच वेळी स्पष्टपणे मिळत नाहीत. आलेख चार हवेत, पत्रक मात्र एकच हवे. चार आलेखांसाठी चार पत्रके झाली की दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्या तारखा एकमेकींशी जुळेनाशा होतात आणि खरी तारीख कोणती, हे कोणालाच सांगता येत नाही.

नियोजनाचा सांगाडा

काम १ जून २०२६, सोमवारी सुरू होते. आठवड्याला सहा दिवस काम आणि रविवारी सुट्टी असा नियम धरला आहे. टॅग चिकटवण्याचे काम १ ते २७ जून चालते. वीज आणि नेटवर्क १ ते २० जून या काळात पूर्ण होते. रॅकची पहिली खेप २२ जून ते १८ जुलै या काळात दुसऱ्या मजल्यावर उभी राहते आणि संदर्भ ग्रंथ व जुनी नियतकालिके २० जुलै ते ८ ऑगस्ट या काळात तेथे जातात. पहिल्या खेपेचे काम स्वीकारल्यानंतरच कंत्राटदार दुसरी खेप पाठवणार आहे. ती ७ ऑगस्टला येते आणि १० ते २९ ऑगस्ट या काळात पहिल्या मजल्यावर उभारली जाते. त्यानंतर ३१ ऑगस्ट ते १९ सप्टेंबर या काळात देवघेवीचे ग्रंथ हलतात, २१ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर या काळात त्यांची मांडणी आणि दाखल नोंदवहीशी पडताळणी होते आणि ५ ऑक्टोबर, सोमवारी पूर्ण ग्रंथालय खुले होते.

या साखळीतील सर्वांत नाजूक जागा दुसऱ्या खेपेची आहे. करारानुसार ती ७ ते २१ ऑगस्ट या काळात केव्हाही येऊ शकते. नियोजनात ७ तारीख धरली आहे, म्हणजे सगळे वेळापत्रक सर्वांत आशावादी टोकावर उभे आहे. खेप २१ ऑगस्टला आली तर तिच्यामागची सगळी कामे दोन आठवडे सरकतात आणि ग्रंथालय १९ ऑक्टोबरला खुले होते. टॅगच्या कामाची गोष्ट याच्या उलट आहे. ते २७ जूनला संपते आणि त्याची गरज २० जुलैला लागते. त्यामुळे पुढच्या कामाला धक्का न लावता ते १८ कामाचे दिवस लांबू शकते. दोन्ही पट्ट्या आलेखावर सारख्याच रंगाच्या आणि सारख्याच ठळक दिसत होत्या. पहिल्या आलेखातील सर्वांत मोठा दोष मला हाच वाटतो, कारण त्यावरून काळजी कशाची करायची ते कळतच नव्हते.

तारखा तपासल्याशिवाय आलेख नाही

आलेखाकडे वळण्यापूर्वी पत्रकातील तारखा खरोखर तारखा आहेत का, ते पाहावे लागते. एक्सेल प्रत्येक तारीख एका क्रमांकाच्या रूपात साठवते. १ जानेवारी १९०० चा क्रमांक १ आणि १ जून २०२६ चा ४६१७४. आलेख काढताना एक्सेलला हे क्रमांकच दिसतात. एखादी तारीख मजकूर म्हणून साठवली गेली असेल तर आलेखात तिची किंमत शून्य धरली जाते.

कंत्राटदाराने आपल्या कामांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये पाठवली होती आणि तिच्यात तारखा दिवस-महिना-वर्ष या क्रमाने होत्या. ती फाइल ज्या संगणकावर उघडली, त्यावर महिना-दिवस-वर्ष हा क्रम निवडलेला होता. रॅकवरील दिशाफलक बसवण्याची तारीख १८/०८/२०२६ होती. अठरावा महिना नसल्यामुळे संगणकाने ती तारीख न मानता मजकूर म्हणून ठेवली. ही चूक निदान पकडता येते, कारण मजकूर रकान्यात डावीकडे आणि तारीख उजवीकडे टेकलेली दिसते, तसेच आलेखाचा अक्ष एकाएकी १९०० सालापासून सुरू होतो. मात्र अक्षाची सुरुवात ४६१७४ वर पक्की केली की तीच पट्टी चौकटीबाहेर जाते आणि आलेख स्वच्छ दिसू लागतो. म्हणून अक्षाची मर्यादा ठरवण्याचे काम तपासणीनंतर करावे, आधी नव्हे.

खरा धोका दुसऱ्या ओळीत होता. दुसऱ्या खेपेची तारीख ०७/०८/२०२६ होती आणि संगणकाने ती ८ जुलै अशी वाचली. ही तारीख सर्व अंगांनी पटण्यासारखी होती. ती प्रकल्पाच्या काळातच पडते, त्या दिवशी बुधवार आहे, पहिल्या खेपेची उभारणी तेव्हा चालू आहे आणि रॅक येण्याच्या दृष्टीने त्यात काही वावगे दिसत नाही. दिवसाचा आकडा १२ किंवा त्याहून कमी असला की अदलाबदल गुपचूप होते आणि कोणताही इशारा मिळत नाही. रकान्यात संख्या आहे की मजकूर, हे पाहणारे 'इजनंबर' हे सूत्रही इथे उपयोगाचे नाही, कारण चुकीची तारीखही संख्याच आहे. ही चूक पकडली ती 'आधीचे काम' या स्तंभाने. दुसरी खेप पहिल्या खेपेच्या स्वीकृतीनंतर, म्हणजे १८ जुलैनंतरच येऊ शकते. प्रत्येक ओळीत 'सुरुवात ही आधीच्या कामाच्या शेवटानंतर आहे का' असे एक साधे सूत्र लिहिल्यावर ८ जुलैची ओळ लगेच लाल झाली. बाहेरून येणारी प्रत्येक यादी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने मागवावी आणि सीएसव्ही फाइल दोनदा टिचकी मारून न उघडता आयात करताना तारखेच्या स्तंभाचा क्रम स्वतः सांगावा, ही शिस्त त्यानंतर ठरली.

पट्टीच्या लांबीचा प्रश्नही इथेच सोडवावा लागतो. टॅगच्या कामापुढे 'कामाचे दिवस' या स्तंभात २४ लिहिले आहेत. हा आकडा जसाच्या तसा पट्टीची लांबी म्हणून वापरला तर पट्टी २४ जूनला संपते, कारण अक्षावर रविवारही मोजले जातात. खरी लांबी म्हणजे शेवटाच्या तारखेतून सुरुवात वजा करून त्यात मिळवलेला एक, म्हणजे या कामासाठी २७. तो अधिकचा एक विसरला तर प्रत्येक पट्टी एका दिवसाने आखूड होते आणि एका दिवसाचे काम आलेखातून नाहीसेच होते. शेवटाची तारीख काढण्यासाठी 'वर्कडे.इंटल' हे सूत्र वापरता येते. त्यात ११ हा संकेत दिला की फक्त रविवार सुट्टी धरली जाते. साधे 'वर्कडे' सूत्र शनिवारही वगळते, म्हणून ते या प्रकल्पाला चालत नाही. हे सूत्र सुरुवातीचा दिवस मोजत नाही, त्यामुळे २४ ऐवजी २३ दिवस द्यावे लागतात. तसे केले की उत्तर २७ जून येते. २४ दिले तर २९ जून, सोमवार येतो आणि हीच चूक प्रत्येक कामात झाली तर पुढची सगळी साखळी उगाच सरकते.

पत्रकात वाढवलेले स्तंभ

चार आलेख एकाच पत्रकातून निघावेत म्हणून पत्रकात काही स्तंभ वाढवले गेले. समिती, गट, विभाग आणि वाचक असे चार स्तंभ असून प्रत्येकात त्या आलेखात त्या कामाचे जे नाव दिसायला हवे ते लिहिले आहे. रकाना रिकामा असेल तर ते काम त्या आलेखात येत नाही. 'देवघेव ग्रंथ, रॅकनिहाय बांधणी व वाहतूक' हे गटासाठीचे नाव आहे आणि त्याच ओळीचे वाचकांसाठीचे नाव 'देवघेव बंद' आहे. नवीन आवृत्तीतील 'फिल्टर' हे सूत्र हे स्तंभ वाचून प्रत्येक आलेखासाठी वेगळी यादी तयार करते आणि मूळ तारीख बदलली की चारही याद्या आपोआप बदलतात. आलेखातील पट्टी हाताने ओढून सरकवायची नाही, हा नियम कडकपणे पाळावा लागतो.

आणखी दोन स्तंभ महत्त्वाचे होते. एकात मंजूर नियोजनातील मूळ शेवटाची तारीख ठेवली आणि ती पुढे कधीही बदलली नाही. दुसऱ्या स्तंभाला 'खात्री' असे नाव दिले. त्यात प्रत्येक कामापुढे 'पक्के' किंवा 'दुसऱ्या खेपेवर अवलंबून' यांपैकी एक लिहिले. बहुतेक पत्रकांत हा स्तंभ नसतो, आणि म्हणून त्यांच्यावरून काढलेल्या आलेखांत अंदाज आणि वचन एकाच रंगात दिसतात. श्रोत्यानुसार तपशील कमी करणे आवश्यकच आहे, मात्र तपशिलाबरोबर अनिश्चितताही गाळली तर आलेख खोटा होतो. हे भान कालरेखेच्या अगदी सुरुवातीपासून आहे. इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांनी १७६५ साली सुमारे २००० प्रसिद्ध व्यक्तींची आयुष्ये एका मोठ्या आलेखात आडव्या रेषांनी दाखवली, तेव्हा जन्माची किंवा मृत्यूची तारीख जिथे निश्चित माहीत नव्हती तिथे त्यांनी अखंड रेषेऐवजी ठिपके वापरले. कामाच्या नियोजनासाठी पट्ट्यांचे आलेख त्यानंतर पुष्कळ काळाने रूढ झाले. पोलिश अभियंता कारोल अदामिएत्स्की यांचा हार्मोनोग्राम हा आलेख १८९६ च्या सुमाराचा आणि अमेरिकी अभियंता हेन्री गँट यांचे आलेख १९१० च्या दशकातले. त्या ठिपक्यांची आठवण आजच्या कार्यालयीन आलेखांत फारशी उरलेली नाही.

समितीचा आलेख

समितीला जाणून घ्यायचे आहे की ग्रंथालय कधी खुले होईल, ती तारीख कशावर अवलंबून आहे आणि तिच्याकडून कोणता निर्णय हवा आहे. म्हणून सगळी कामे सहा-सात पट्ट्यांत गोळा केली. प्रत्येक समूहाची सर्वांत लवकरची सुरुवात 'मिनिफ्स' आणि सर्वांत उशिराचा शेवट 'मॅक्सिफ्स' या सूत्राने काढता येतो. पण ही सोय जपून वापरावी लागते. 'रॅक उभारणी' हा एकच समूह धरला तर पट्टी २२ जून ते २९ ऑगस्ट अशी जवळजवळ दहा आठवड्यांची दिसते, प्रत्यक्षात मधले तीन आठवडे कंत्राटदाराचे कोणतेही काम चालू नाही. समितीला मात्र वाटेल की रॅक उभारायलाच दहा आठवडे लागतात आणि मग कामाचा वेग वाढवण्याची सूचना येईल. वेग वाढवून दुसरी खेप लवकर येणार नाही. म्हणून रॅकच्या दोन पट्ट्या केल्या आणि त्यांच्यामधली रिकामी जागा तशीच ठेवली. समितीच्या दृष्टीने त्या रिकाम्या जागेतच सगळा प्रश्न होता.

खुले होण्याची तारीख एका चौकोनी खुणेने दाखवण्याऐवजी ५ ऑक्टोबरला भरीव खूण, १९ ऑक्टोबरला पोकळ खूण आणि दोन्हींमध्ये फिकी पट्टी दाखवली. शेजारी एकच वाक्य लिहिले : 'दुसरी खेप ७ ते २१ ऑगस्ट या काळात आल्यास.' रचलेल्या पट्ट्यांच्या आलेखात अशा खुणा आपोआप येत नाहीत, कारण लांबी शून्य असलेली पट्टी दिसतच नाही. त्यांच्यासाठी वेगळी बिंदूंची मालिका जोडावी लागते.

समितीला महिने हवे होते. इथे एक तांत्रिक अडचण आली. या प्रकारच्या आलेखात तारखांचा अक्ष म्हणजे निव्वळ संख्यांचा अक्ष असतो आणि त्याला महिना ठाऊक नसतो. दर ३० दिवसांनी रेघ मारायला सांगितली तर रेघा १ जून, १ जुलै, ३१ जुलै, ३० ऑगस्ट आणि २९ सप्टेंबरला पडतात. शेवटच्या दोन रेघा महिन्याची सुरुवात समजून वाचल्या तर ५ ऑक्टोबरची खूण उगाच लांब वाटते. त्यापेक्षा अक्षाचे एकक ७ ठेवावे. सुरुवात सोमवारी असल्यामुळे प्रत्येक रेघ सोमवारीच पडते. मग महिन्यांची नावे वरच्या पट्टीत वेगळी लिहावीत. थोडे अधिक काम पडते, पण आलेख खरा राहतो.

काम करणाऱ्या गटांचा आलेख

या गटांना चार महिने नको असतात. त्यांना हा आठवडा आणि पुढचे दोन आठवडे दिसले म्हणजे पुरे. त्यांच्यासाठी आलेखाऐवजी पत्रकातच दिवसांचे रकाने आखले आणि सशर्त रंगसंगतीने कामाचे दिवस भरले. वरच्या ओळीतील तारीख सुरुवात आणि शेवट यांच्या दरम्यान असेल तर रकाना रंगतो, एवढाच नियम. हे पान ए-३ आकारात छापून कामाच्या जागी लावले आणि दर शनिवारी बदलले. छपाई काळी-पांढरी असल्यामुळे रंगांवर भिस्त न ठेवता प्रत्येक रंगीत रकान्यात गटाचे आद्याक्षर घातले. लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्यांनाही त्याचा उपयोग झाला.

या पानावर ओळींचा क्रम कामांनुसार न ठेवता जागेनुसार ठेवला : पहिला मजला, दुसरा मजला, जुनी इमारत, मालवाहू लिफ्ट. लिफ्ट ही काही जागा नव्हे, पण तिला स्वतंत्र ओळ देणे फार मोलाचे ठरले. ७ ऑगस्टला दुसऱ्या खेपेचे रॅक उतरतात आणि ते पहिल्या मजल्यावर न्यायचे आहेत. त्याच दिवशी आणि ८ ऑगस्टला संदर्भ ग्रंथांची शेवटची खोकी त्याच लिफ्टने दुसऱ्या मजल्यावर जायची आहेत. कामांनुसार लावलेल्या आलेखात या दोन पट्ट्या एकमेकींपासून कितीतरी ओळी दूर होत्या आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे असे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. खेपेची तारीख ८ जुलै अशी चुकून राहिली असती तर ही टक्कर ओळी कशाही लावल्या तरी दिसली नसती. गटांनी तोडगा स्वतःच काढला : ७ तारखेला सकाळी रॅक, दुपारनंतर ग्रंथ.

विभागप्रमुखांच्या आलेखाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. त्यांना आपला विभाग कोणत्या दिवसांत हलणार आणि त्या काळात किती कर्मचारी द्यावे लागणार, एवढेच हवे होते. समितीच्या आलेखातील पट्ट्या विभागांनुसार लावून आणि मूळ शेवटाची तारीख बारीक रेषेने दाखवून ते काम झाले.

वाचकांचा आलेख

सर्वांत सोपा वाटणारा हा आलेख प्रत्यक्षात सर्वांत कठीण होता. पहिल्या मसुद्यात तीन पट्ट्या होत्या : संदर्भ विभाग २० जुलै ते ८ ऑगस्ट बंद, देवघेव ३१ ऑगस्ट ते ३ ऑक्टोबर बंद, पूर्ण ग्रंथालय ५ ऑक्टोबरपासून खुले. आलेख सुटसुटीत होता, वाचता येत होता आणि त्यातील प्रत्येक तारीख पत्रकाशी जुळत होती. तरीही तो लावणे योग्य नव्हते.

'खात्री' या स्तंभाकडे पाहिल्यावर कारण कळते. संदर्भ विभाग बंद राहण्याचा काळ पक्का आहे, कारण तो पहिल्या खेपेवर अवलंबून आहे. देवघेव बंद होण्याची तारीख मात्र दुसऱ्या खेपेवर अवलंबून आहे आणि ती तारीख दोन आठवडे पुढे जाऊ शकते. फलकावर ३१ ऑगस्ट असे ठळक छापल्यावर ते वाचकाच्या दृष्टीने वचन होते. वाचक त्यानुसार आपल्या अभ्यासाची आखणी करतो, लागणारी पुस्तके आधीच घरी नेतो, परीक्षेची किंवा प्रबंधाची तयारी त्या भोवती बसवतो. नंतर तारीख बदलली तर दुरुस्तीची सूचना सगळ्यांपर्यंत पोचत नाही. समितीला अनिश्चितता दाखवायची आणि वाचकापासून ती लपवायची, हे मला पटत नाही. समितीपाशी निदान दुसरा मार्ग शोधण्याइतके अधिकार असतात, वाचकापाशी तेही नसतात.

पण वाचकांना 'केव्हातरी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये' असे सांगणेही निरुपयोगी आहे. म्हणून या कामांमध्ये काय पक्के आहे, असा उलट प्रश्न विचारावा लागला. खेप कधीही आली तरी ग्रंथ हलवायला १८ आणि मांडायला १२ असे ३० कामाचे दिवस, म्हणजे पाच आठवडे लागणारच. बंद राहण्याची लांबी पक्की आहे, फक्त तिची जागा पक्की नाही. आणखी एक गोष्ट पक्की आहे. खेप आल्यानंतर उभारणीला तीन आठवडे लागतात, त्यामुळे खेप आल्याच्या दिवसापासून देवघेव बंद होईपर्यंत २४ दिवस मिळतात. ७ ऑगस्टला खेप आली तर ३१ ऑगस्ट, २१ ऑगस्टला आली तर १४ सप्टेंबर. दोन्ही वेळा अंतर तेवढेच.

या ग्रंथालयात पुस्तक २१ दिवसांसाठी दिले जाते. २४ हा आकडा त्यापेक्षा मोठा आहे, आणि त्यातून वाचकाच्या खऱ्या प्रश्नाचे उत्तर निघाले. खेप आल्याच्या दुसऱ्याच दिवशी बंद होण्याची तारीख जाहीर केली तर त्यापूर्वी दिलेल्या प्रत्येक पुस्तकाची परतीची तारीख देवघेव चालू असतानाच येते. उदाहरणार्थ, ८ ऑगस्टला घोषणा झाली आणि त्याच दिवशी कोणी पुस्तक नेले तर ते २९ ऑगस्टला, म्हणजे बंद होण्यापूर्वीच्या शेवटच्या दिवशी परत येते. सोमवार, १० ऑगस्टपासून नेलेल्या पुस्तकांची परतीची तारीख ३१ ऑगस्ट किंवा त्यानंतरची आली असती, म्हणून देवघेव खिडकीवर त्या दिवसापासून थेट खुले झाल्यानंतरची तारीख द्यायची. एकाही वाचकाला बंद दारापाशी पुस्तक घेऊन यावे लागत नाही आणि एकालाही त्या काळाचा दंड लागत नाही.

त्यामुळे फलकावर लागलेल्या आलेखात संदर्भ विभागाची पट्टी तारखांसह अखंड रंगाची होती. देवघेवीच्या पट्टीवर 'सलग पाच आठवडे बंद' असे लिहिले, तिची लांबी प्रमाणात ठेवली आणि तिच्या दोन्ही टोकांना ठिपक्यांची पट्टी जोडून ती कुठून कुठे सरकू शकते ते दाखवले. खाली एक ओळ होती : 'बंद होण्याची नेमकी तारीख किमान तीन आठवडे आधी जाहीर केली जाईल. आज नेलेले पुस्तक बंद काळात परत मागितले जाणार नाही.' पहिल्या मसुद्यापेक्षा या आलेखात तारखा कमी आहेत, पण वाचकाला त्यावर अधिक विसंबता येते.

दुसरी खेप १४ ऑगस्टला आली तेव्हा

प्रत्येक आलेखाच्या कोपऱ्यात 'अमुक तारखेची स्थिती' असे छापण्याची व्यवस्था होती आणि ती तारीख पत्रकातल्या एकाच रकान्यातून येत होती. सादरीकरणात जोडलेले आलेख फाइल हलवली की मूळ पत्रकापासून तुटतात आणि जुनेच चित्र दाखवत राहतात, त्यामुळे समितीला आलेख पीडीएफ करूनच पाठवला जाई.

खेप करारातील मुदतीतच, पण नियोजनापेक्षा एक आठवडा उशिरा, शुक्रवार १४ ऑगस्टला आली असे धरू. पत्रकात एकच रकाना बदलावा लागतो. उभारणी १७ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर, वाहतूक ७ ते २६ सप्टेंबर, मांडणी २८ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर आणि ग्रंथालय १२ ऑक्टोबरला खुले. समितीच्या आलेखातील फिकी पट्टी नाहीशी होऊन तिच्या जागी एक भरीव खूण येते आणि ती समितीने आधीच पाहिलेल्या मर्यादेतच पडते. विभागप्रमुखांना मूळ तारखेची बारीक रेषा आणि नवी पट्टी यांत एका आठवड्याचे अंतर दिसते. लिफ्टची टक्कर उरत नाही, कारण संदर्भ ग्रंथ ८ तारखेलाच वर गेलेले आहेत. वाचकांच्या फलकावर लिहिलेले एकही वाक्य खोटे ठरत नाही. त्यावर फक्त '७ सप्टेंबरपासून' एवढे शब्द चिकटवावे लागतात आणि ते १५ ऑगस्टला चिकटवले जातात.

गटांच्या पानावर मात्र एक नवी गोष्ट दिसते. ग्रंथ वाहणाऱ्या गटाला नियोजनाप्रमाणे १० ते २९ ऑगस्ट हे तीन आठवडे काम नव्हते, ते आता ५ सप्टेंबरपर्यंत चार आठवडे होतात. त्यांच्याशी झालेला करार दिवसांच्या हिशेबाने आहे की हलवलेल्या ग्रंथांच्या हिशेबाने, याची नोंद पत्रकात कुठेच नाही. त्यामुळे या रिकाम्या आठवड्याचा खर्च कोणाकडे जातो, ते कोणत्याही आलेखात दिसू शकत नाही. पुढच्या आवृत्तीत 'गट' या स्तंभाशेजारी मोबदल्याची पद्धत लिहिण्याचा स्तंभ जोडला गेला आणि समितीच्या आलेखात वाहतूक गटाच्या मोकळ्या काळाची स्वतंत्र, पोकळ पट्टी आली.